म्हातारपणी हाताला काम, मनाला सोबत
(प्रौढ साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी म्हाताऱ्या माणसांविषयी बोलणार आहे. आपल्यातले काही जण म्हातारे आहेत. बाकीचे पुढे होणार आहेत. तेव्हा हा विषय सगळ्यांचाच आहे.

आधी एक प्रश्न विचारतो. म्हाताऱ्या माणसाला काय लागते? तुम्ही म्हणाल, "दोन वेळची भाकरी, अंगभर कपडा, आणि दुखलंखुपलं तर औषध." बरोबर आहे. हे तर लागतेच. ते देणे मुलांचे कर्तव्य आहे. आता त्याचा कायदाही आहे. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. ऐपत असून मुले सांभाळत नसतील, तर आईबापांना अर्ज करता येतो. न्यायाधिकरण मुलांना दरमहा पोटगी द्यायला लावते. त्याची चौकशी प्रांत कचेरीत करावी.

पण मंडळी, कायदा भाकरी देववील. बोलायला माणूस कुठून देईल?

आपल्या घरांतून पाहा. मुलगा पुण्या-मुंबईला गेलेला असतो. आबा ओट्यावर बसलेले असतात. सकाळी चहा येतो. दुपारी ताट येते. मधल्या वेळात त्यांना कोणी काही विचारत नाही. "आबा, यंदा खालच्या वावरात काय पेरायचं?" असे पूर्वी विचारत. आता विचारत नाहीत. मग आबा चिडतात. भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवतात. आपण म्हणतो, "म्हातारा किरकिरा झाला." अहो, त्यांची तक्रार मिठाची नसते. आपल्याला कोणी विचारत नाही, ही ती तक्रार असते.

म्हाताऱ्या बाईचे दुखणे वेगळे. तिला काम सुटत नाही. नातवंडे सांभाळ, शेण काढ, लसूण सोल. तिला काम पुष्कळ आहे, पण विसावा नाही आणि मैत्रीण नाही. विहिरीवर चार बायका भेटत होत्या. नळ घरात आला, ती भेट गेली. नळ आला हे चांगलेच झाले. पण भेटीची दुसरी जागा आपण केली नाही.

म्हणून ध्यानात ठेवा. म्हाताऱ्या पुरुषाला बहुधा काम हवे असते. म्हाताऱ्या बाईला बहुधा सोबत आणि थोडी सुट्टी हवी असते. दोघांना एकच औषध चालत नाही.

कोणी म्हणेल, "मास्तर, पोट भरल्यावरच्या या गोष्टी!" नाही बरे. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकटेपणा या विषयावर एक आयोग नेमला. एकटेपणाने शरीरही खंगते, असे आता डॉक्टर सांगतात. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेच्या तज्ज्ञ मंडळाने स्मृतिभ्रंशाचा अभ्यास मांडला. स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपणी आठवण आणि समज जाण्याचा रोग. तो ज्यामुळे वाढू शकतो, पण जे आपल्याला टाळता किंवा कमी करता येते, अशा चौदा गोष्टी त्यांनी सांगितल्या. त्यांत माणसांपासून तुटणे आहे. कमी ऐकू येणे आहे. कमी दिसणे आहे. आणि लहानपणी शिक्षण न मिळणे, हेही आहे.

यातून काय घ्यायचे? आजीला ऐकू येत नसेल, तर "म्हातारपण आहे, चालायचंच" असे म्हणू नका. कान तपासा. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. ज्याला ऐकू येत नाही, तो हळूहळू चारचौघांत बसायचे सोडतो. तो घुमा झाला असे आपल्याला वाटते. खरे तर त्याला आपले बोलणेच पोचत नसते.

आता एक चांगली गोष्ट ऐका. ही गोष्ट खरी आहे.

ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहान गाव आहे. तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत योगेंद्र बांगर नावाचे शिक्षक होते. गावातल्या आज्या त्यांच्याजवळ बोलून गेल्या, की आम्हालाही वाचता आले असते तर किती बरे झाले असते! बांगर गुरुजींनी ते बोलणे हसण्यावारी नेले नाही. गावाला बरोबर घेतले. मोतीराम दलाल यांच्या नावाच्या धर्मादाय ट्रस्टने मदत केली. आणि ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली.

विद्यार्थिनी कोण? साठ वर्षांपासून नव्वद वर्षांपर्यंतच्या आज्या. गुलाबी नऊवारी लुगडे हा त्यांचा गणवेश. खांद्याला दप्तर. दप्तरात पाटी आणि पेन्सिल. दुपारची घरची कामे आटोपली, की दोन तास शाळा. घरचा अभ्यास नातवंडे करून घेत. जी आजी अंगठा उठवत होती, ती आपले नाव लिहू लागली.

मंडळी, या शाळेने काय दिले? अक्षर दिले, ते तर खरेच. पण आणखी तीन गोष्टी दिल्या. रोज घराबाहेर पडायला कारण दिले. बरोबरीच्या बायकांची सोबत दिली. आणि नातवंडांशी बोलायला विषय दिला. आजीला नोकरी करायची नव्हती, की परीक्षा देऊन मामलेदार व्हायचे नव्हते. तरी तिचा दिवस भरला.

आता वृद्धाश्रमाविषयी बोलतो. वृद्धाश्रमात राहणे ही शरमेची गोष्ट नाही. कोणाला मूलबाळ नसते. कोणाची मुले दूर असतात. कोणी आपखुशीने राहतात. मी असे दोन आश्रम पाहिले. पहिल्या आश्रमात जागा स्वच्छ, जेवण चांगले. पाहुणे आले की सगळ्यांना ओळीने बसवायचे, फळे वाटायची, फोटो काढायचा. पाहुणे गेले की पुन्हा सगळे आपापल्या खाटेवर. तिथल्या एका आजोबांनी मला विचारले, "गुरुजी, आज वार कोणता?" त्यांना वार माहीत असण्याचे कारणच उरले नव्हते.

दुसऱ्या आश्रमात भिंतींचे पोपडे निघालेले होते. पण तिथे प्रत्येकाला एक काम होते. एक आजोबा दुधाचा हिशेब ठेवत. एक आजी फक्त पालेभाजी निवडत. एकाला चालता येत नव्हते, ते जेवणाची घंटा वाजवत. त्यांनी घंटा वाजवल्याशिवाय कोणी ताटावर बसत नसे. एक दिवस त्यांना ताप आला, तर सगळे त्यांच्या खाटेजवळ येऊन विचारू लागले, "आज घंटा कोणी वाजवायची?" त्या विचारण्यानेच त्यांना अर्धे बरे वाटले असेल.

फरक कळला ना? म्हाताऱ्या माणसाला नुसते गुंतवून ठेवू नका. लहान मुलाच्या हातात खुळखुळा देतात, तसे काम देऊ नका. असे काम द्या की, ते केले नाही तर कोणाचे तरी अडेल.

आणि ते काम त्याला विचारून द्या. त्याच्या शक्तीपुरते द्या. दिवसभर गुरांमागे पाठवणे हा मान नव्हे, तो जाच आहे. एखाद्याला नुसते बसावेसे वाटले, तर बसू द्या. जन्मभर राबलेल्या माणसाचा तो हक्क आहे.

म्हाताऱ्या माणसांजवळ देण्यासारखे काय असते? एक उदाहरण सांगतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. किती? एक लाखाहून जास्त! त्या ओव्या कोणत्याही पुस्तकात नव्हत्या. त्या आपल्या आयाबायांच्या तोंडात होत्या. जाते बंद पडले, पण ओवी आजीजवळ राहिली. कोणी विचारले, म्हणून ती सापडली. कोणी विचारले नसते, तर आजीबरोबर गेली असती.

तर आपल्या गावात काय करता येईल? पैसा लागणार नाही, अशाच पाच गोष्टी सांगतो.

एक. रोज संध्याकाळी पारावर किंवा देवळात अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. वाचणार कोण? तुम्ही. तुम्ही नुकते वाचायला शिकलात. तुमचा सराव होईल आणि वडीलधाऱ्यांना जगाची बातमी कळेल. अडखळलात तरी कोणी हसणार नाही.

दोन. आठवड्यातून एक दुपार आज्यांची. त्या दुपारी नातवंडे आणि चूल सुनांनी किंवा मुलांनी सांभाळावी. आज्यांनी एकत्र बसून गोधडी शिवावी, वाती वळाव्यात, ओव्या म्हणाव्यात, नाहीतर नुसत्या गप्पा माराव्यात.

तीन. शाळेतील मुलांनी एकेका वडीलधाऱ्याजवळ बसून जुनी माहिती लिहून घ्यावी. बियाणे कसे राखत, १९७२ च्या दुष्काळात गाव कसे जगले, कोणत्या पाल्याचा काय उपयोग. नाव घालून ती वही शाळेत ठेवावी.

चार. ज्याला घरातून उठता येत नाही, त्याच्याकडे आळीपाळीने जावे. भजनी मंडळाने महिन्यातून एकदा हरिपाठ त्याच्या ओट्यावर म्हणावा.

पाच. गावातले कोणी वृद्धाश्रमात असेल, तर त्याला पत्र लिहावे. चार ओळी पुरेत. पाऊस कसा आहे, म्हैस व्याली का, देवळाचा कळस रंगवला का. फोन होतो, पण आवाज विरून जातो. पत्र उशाखाली राहते. पुन्हा पुन्हा वाचता येते.

संयुक्त राष्ट्रांनी १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस ठरवला. १९९१ पासून तो जगभर पाळतात. त्या दिवशी नारळ आणि शाल द्यायला हरकत नाही. पण वर्षातले बाकीचे दिवसही म्हाताऱ्या माणसाला काढायचे असतात.

मंडळी, २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षांवरची माणसे दहा कोटींहून अधिक होती. माणसाचे आयुष्य वाढले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण वाढलेले आयुष्य भिंतीकडे तोंड करून काढायचे असेल, तर त्या वाढीचा काय उपयोग?

आता भाषण पुरे. मला टाळ्या नकोत, दोन नावे हवीत. उद्या संध्याकाळी पारावर वर्तमानपत्र कोण वाचणार? आणि घरी बसलेल्या आबांना हाताला धरून तिथवर कोण आणणार? ज्यांना हे काम घ्यायचे असेल, त्यांनी पुढे यावे. या फळ्यावर आपले नाव आपल्या हाताने लिहावे.

जय हिंद.