तारापूरच्या शेजारी आपले स्वागत



ऊर्जा आणि हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या चर्चा एरवी मोठ्या शहरांतल्या गारेगार सभागृहांत होतात. हे संमेलन बोईसरला घ्या, असा हट्ट आम्ही धरला तेव्हा काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. इतक्या लोकांची राहण्याची सोय कशी करणार, ही शंका रास्तच होती. सोय केली आहे, बेताची आहे. काही कमी पडले तर स्वयंसेवकांना हक्काने सांगा. जेवणात घोलवडचे चिकू ठेवले आहेत, ते मात्र चुकवू नका.

हट्टाचे कारण इथून काही किलोमीटरवर, समुद्रकाठी उभे आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्रासाठी १९६३ साली भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा करार झाला. १९६९ मध्ये केंद्र वीज देऊ लागले. देशातले ते पहिले अणुवीज केंद्र. अणुभट्ट्या अमेरिकेच्या, आणि इंधनही अमेरिकेनेच पुरवायचे. बोटाच्या पेराएवढ्या युरेनियमच्या गोळ्या, झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या बारीक लांब नळ्यांत ओळीने भरलेल्या. वस्तू एवढीशी, पण त्यासाठी लागणारे समृद्ध युरेनियम आपल्याकडे तयार होत नव्हते. १९७४ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचणी केली, १९७८ मध्ये अमेरिकेने अणुनिर्यातीवर निर्बंध घालणारा नवा कायदा केला आणि पुरवठा रखडत रखडत बंद पडला. पुढे फ्रान्सने इंधन दिले, मग चीनने, मग रशियाने. एका चुलीला चार घरचे सरपण! तरीही चूल विझली नाही, याचे श्रेय इथल्या अभियंत्यांना आणि कामगारांना आहे. वापरलेले इंधन अमेरिकेने परत नेले नाही, त्यावर पुनर्प्रक्रियाही करू दिली नाही. ते इथेच पाण्याच्या टाक्यांत साठत गेले.

करार करणाऱ्यांपैकी एकाच्या घरचे राजकारण बदलले की काय होते, हे आमच्या तालुक्याने असे जवळून पाहिले आहे. म्हणून पॅरिस हवामान करारातून अमेरिका २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परतली आणि २०२५ च्या जानेवारीत तिने पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढला, तेव्हा आम्हाला फारसे नवल वाटले नाही. हवामानबदलाशी झुंजणाऱ्या गरीब देशांसाठी श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचा शब्द २००९ मध्ये कोपनहेगनला दिला. त्यांच्याच हिशेबाने तो आकडा २०२२ मध्ये गाठला गेला, आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा. त्याच २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे युरोपने मिळेल त्या भावाने गॅसची जहाजे उचलली आणि पाकिस्तान, बांगलादेश अंधारात बसले. हवामान परिषदेत मांडीला मांडी लावून बसणारे देश बाजारात एकमेकांच्या तोंडचा घास काढतात, तो असा.

याउलट एक लहानसे काम मला फार मोलाचे वाटते. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळची जलविद्युत भारताच्या तारांवरून प्रथमच बांगलादेशात पोहोचली. अवघी ४० मेगावॉट. तारापूरच्या जुन्या १६० मेगावॉटच्या एका भट्टीचा पाव हिस्सा. पण पावसाळ्यात नेपाळच्या नद्यांवर वीज उरते, हिवाळ्यात त्याला ती भारताकडून घ्यावी लागते, आणि बांगलादेशला स्वच्छ, परवडणारी वीज हवी आहे. भारताच्या तारांवाचून दोघांचेही अडते. जिथे प्रत्येकाला दुसऱ्याची गरज आहे, तिथे शब्द फिरवणे महाग पडते. तारापूरच्या करारात गरज एकाच बाजूला होती.

पाहुण्यांपुढे घरचे गाऱ्हाणे मांडू नये म्हणतात; मी मांडणार आहे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या आपल्या बनावटीच्या, नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या. त्यांच्यासाठी परदेशी समृद्ध युरेनियमची वाट पाहावी लागत नाही, याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली आणि पुनर्वसनासाठी तिथल्या लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. कोळसा जाळायचा नसेल तर अणुवीज, सौर, पवन या सगळ्यांना जागा लागणार, आणि त्या जागेवर कोणाचे तरी घर असणार. देशादेशांच्या करारांत या घरांसाठी अजून रकाना नाही.

म्हणून स्वागताध्यक्ष या नात्याने एवढीच विनंती करतो. परवा समारोपाला जो ठराव कराल, त्यात ‘सर्व राष्ट्रांना आवाहन’ असले वाक्य नको. कोणी, किती, कधीपर्यंत द्यायचे आणि ज्यांची जमीन जाते त्यांना काय मिळणार, ते लिहा. आणि मसुदा मराठीतही वाचून दाखवा. अक्करपट्टी-पोफरणची माणसे तो ऐकायला येणार आहेत.