अजून ठरलं नाही? घाई नको



गेल्या जूनमध्ये आमच्या गटातल्या एक ताई कर्ज मागायला आल्या. लेक दहावी पास झालेली, आईला तिला इंजिनिअर करायचं होतं. लेक म्हणाली, "मावशी, माझं अजून ठरत नाही." आम्ही सगळ्या तिलाच समजवायला लागलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा आमची चूक आम्हाला कळली.

मग आम्ही चौकशी केली. अकरावी सायन्सला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. गणित सोडलं की इंजिनिअरिंगची वाट अवघड होते, जीवशास्त्र सोडलं की डॉक्टरकीची. दोन्ही ठेवले तर बारावीपर्यंत विचाराला वेळ मिळतो. पुढे बीए, बीकॉमलाही जाता येतं. बारावी आर्ट्स करून मात्र थेट इंजिनिअरिंगला जाता येत नाही.

पण दोन्ही विषयांचा अभ्यास जड असतो, क्लासचा खर्चही वाढतो. सायन्सची मुळीच आवड नसेल, तर नुसत्या भीतीपोटी ते घेऊ नये.

त्या मुलीने दोन्ही विषय घेतले. आम्ही दोन वर्षांचं नाही, एकाच वर्षाच्या फीपुरतं कर्ज दिलं. तिचं मन बदललं, तर आईच्या डोक्यावर हप्ते राहायला नकोत.

फॉर्म भरण्याआधी लेकीला विचारा आणि तिचं पूर्ण ऐकून घ्या.