जुन्या संगणकाला झेपेल तेवढेच काम

श्रोतेहो, खेडोपाडीच्या कितीतरी शाळांत आणि घरांत आज दहा-बारा वर्षांचे जुने लॅपटॉप संगणक आहेत. विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अशा जुन्या यंत्रांवर बहुधा चढत नाही. म्हणून पुष्कळांनी त्यांवर लिनक्स घातले. फिनलंडमधल्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. पण तक्रार एक येतेच. गुरुजी निकालपत्रक भरीत असतात, मागे एखाद्या चित्रफितीचे रूपांतर चालू असते. पंखा घोंघावू लागतो, तळ तापतो, आणि यंत्र आपोआप बंद पडते. न साठवलेले गुण गेले! मग यंत्र कपाटात जाते आणि मुलांचा संगणकाचा तास बुडतो.

असे का होते? संगणकातला हिशेब करणारा मुख्य भाग म्हणजे प्रोसेसर. तो जितका राबेल तितका तापतो. तापमान फार वाढले, की तो आधी आपली गती आपणच कमी करतो. तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद होते. पुष्कळ प्रोसेसरांत ही हद्द १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तेव्हा पहिला उपाय साधा. यंत्र बंद करा, वायर काढा, आणि झरोक्यांतली धूळ मऊ कुंचल्याने झाडा. यंत्र गादीवर किंवा उशीवर ठेवू नका. खालून हवा खेळली पाहिजे.

एवढे करूनही ताप उतरला नाही, तर राबवून कोण घेतो आहे ते पाहावे. टर्मिनल उघडा, टी, ओ, पी ही तीन इंग्रजी अक्षरे टंका आणि एंटर कळ दाबा. चालू कामांची यादी येते. प्रत्येक कामापुढे त्याचा क्रमांक असतो आणि ते प्रोसेसर किती टक्के वापरते तेही असते. बहुधा सर्वांत वरचे काम हाच आपला चोर!

आता त्याला आवर घालण्याचे तीन मार्ग आहेत. पाटाच्या पाण्याचा दाखला घेऊ, म्हणजे तिन्हींतला फरक ध्यानात येईल.

पहिला मार्ग 'नाइस'. टॉप चालू असताना आर हे अक्षर दाबावे, कामाचा क्रमांक द्यावा, आणि पुढे १९ हा आकडा द्यावा. उणे २० ते १९ अशी ही मोजपट्टी आहे. १९ म्हणजे सर्वांत भिडस्त. असे काम म्हणते, "आधी तुमचे भिजू द्या, मग माझे." त्यामुळे निकालपत्रक अडखळत नाही. पण पाहा, दुसरा कोणी शेतकरी पाण्याला आलाच नाही, तर सगळा पाट या भिडस्ताच्याच वावरात जातो! म्हणजे नाइसने पाळी बदलते, पाणी कमी होत नाही. आणि तापही कमी होत नाही. पुष्कळ जण इथेच फसतात.

दुसरा मार्ग 'सीपीयूलिमिट'. हा छोटा कार्यक्रम बहुधा वेगळा घालून घ्यावा लागतो. त्याला कामाचा क्रमांक आणि टक्के सांगितले, की तो त्या कामाला क्षणभर थांबवतो, क्षणभर सोडतो, पुन्हा थांबवतो. दारे धरणाऱ्याने दार उघडावे आणि लावावे, तसेच हे. यात माप खरोखर बांधले जाते. मात्र येथे १०० टक्के म्हणजे प्रोसेसरचा एक गाभा. यंत्राला दोन गाभे असतील तर पूर्ण ताकद २०० टक्के होते, हे विसरू नये.

तिसरा मार्ग पाटाचे मुख्य दारच थोडे खाली करण्याचा, म्हणजे प्रोसेसरची कमाल गती उतरवण्याचा. 'सीपीयूपॉवर' नावाच्या साधनाने हे करता येते. जुना पाट फुटण्याची धास्ती असेल तर हाच उपाय मोठा. कारण गती उतरली की प्रोसेसरला लागणारा विजेचा दाबही उतरवता येतो, आणि विजेचा खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. गती आणि दाब दोन्ही एक-पंचमांशाने घटले, तर राबण्यावरचा खर्च हिशेबाने जवळजवळ निम्म्यावर येतो. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे: ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८ बरोबर ०.५१२. यंत्र पुन्हा सुरू केले, की ही मर्यादा सहसा पुन्हा घालावी लागते.

कोणी विचारील, यात काम लांबत नाही का? लांबते. चित्रफितीला एका तासाऐवजी दीड-दोन तास लागतील. पण यंत्र अर्ध्यावर बंद पडले, तर तेच काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

दोन सावधगिऱ्या सांगतो. पडदा चालवणाऱ्या किंवा आपल्या ओळखीच्या नसलेल्या कामाला माप लावू नका. सगळे यंत्रच अडखळेल. आणि टॉपच्या माथ्यावर 'डब्ल्यूए' या अक्षरांपाशी मोठा आकडा सतत दिसत असेल, तर प्रोसेसर राबत नसून डिस्कची वाट पाहत बसला आहे असे समजा. तेथे माप बांधून काही साधत नाही. उघडी ठेवलेली जादा कामे बंद करावीत.

तेव्हा मंडळी, कपाटातले जुने यंत्र बाहेर काढा. धूळ झाडा, टॉप पाहा, आणि त्याला झेपेल एवढेच माप बांधून द्या. सातवी-आठवीची मुले सोबत घ्या. यादीतला चोर तुमच्या आधी तीच शोधून काढतील.