दमलेल्या माणसाने अजून एक दिवस का थांबावं?

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्च्युअली’ जरा कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

लोकलमध्ये एका पायावर उभे असाल किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले असाल, तर आजचा विषय तुमच्यासाठीच आहे. ऑफिसची ट्रिप संपली आहे. अंगात त्राण नाही. कधी एकदा घरी जाऊन पडतोय असं झालंय. आणि त्याच शहरात त्याच संध्याकाळी एक मैफल आहे. थांबायचं की निघायचं?

माझं उत्तर आहे, कधीकधी थांबायचं. दमलेले असतानाही थांबायचं. का, ते आज सांगतो. शेवटी थोडं प्रॅक्टिकलपण बोलू: सुट्टी, तिकीट, खर्च, सगळं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी सॉफ्टवेअर इंजिनियर, बॅकएंडवाला. आमचं प्रॉडक्ट गोदामांसाठी आहे, म्हणजे कुठला माल कुठल्या रॅकवर, किती आला, किती गेला, हे सांभाळणारं. नवीन क्लायंटकडे सिस्टिम चालू करायची असली की आम्ही दोघं-तिघं तिथे जाऊन बसतो. मागच्या वर्षी चार महिन्यांत चार ट्रिपा झाल्या: गुरुग्राम, हैदराबाद, इंदूर आणि चेन्नई.

चेन्नईला हॉटेलच्या खोलीत एका रात्री मी फोनमधले फोटो चाळत होतो. आधीच्या तीन शहरांतले मिळून चाळीसएक फोटो. त्यातले तीसेक व्हाइटबोर्डचे. चार बिलांचे, रिइम्बर्समेंटसाठी. दोन राउटरच्या मागच्या स्टिकरचे. हैदराबादला जाऊन चारमिनार नाही, इंदूरला जाऊन सराफा नाही. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. लोक म्हणतात, हेच दिवस आहेत फिरायचे. फिरत तर मी होतोच की! पण माझ्याकडे त्या फिरण्याचं काय उरलं होतं? बाण काढलेले चौकोन.

चेन्नईचं काम आठ दिवसांचं. ऑफिस जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर, ज्याला तिथे सगळे ओएमआर म्हणतात. जुन्या सिस्टिममधला डेटा नव्यात आणायचा, आकडे जुळवायचे आणि शुक्रवारी रात्री गोदाम बंद असताना स्विच मारायचा. ज्यांनी असलं काम केलंय त्यांना माहितीये, दिवसा मीटिंग आणि रात्री खरं काम. शुक्रवारी रात्री दहाला बसलो, शनिवारी पहाटे सव्वाचारला शेवटचा आकडा जुळला. बाहेर चहावाल्याने दुकान उघडलं होतं. आम्ही तिघं तिथे उभे होतो आणि कोणीच काही बोलत नव्हतं.

डिसेंबरचा महिना. इकडे पुण्यात सवाई नुकताच होऊन गेला होता. १९५३ साली भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव आमच्या घरी दिवाळीइतका पक्का असतो, आणि त्या वर्षी माझा चुकला. जेवताना मी हे रडगाणं क्लायंटकडच्या टेस्टिंगच्या मुलीला सांगत होतो. ती मैलापूरची. तिने मला वेड्यात काढलं. म्हणाली, संगीताच्या सीझनमध्ये चेन्नईत बसून तू गाणं चुकलं म्हणून रडतोयस?

तर हा सीझन काय आहे, ते थोडक्यात सांगतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तमिळ कॅलेंडरमध्ये मार्गळी महिना असतो. आपल्याकडे आजी-आजोबा ज्याला धुंधुरमास किंवा धनुर्मास म्हणतात, पहाटे मुगाची खिचडी आणि बाजरीची भाकरी खायचा, तोच. या महिन्यात तिथे लग्नं करत नाहीत. देवळात पहाटेपासून भजन चालतं. हवा त्यातल्या त्यात बरी असते. आणि शहरभर कर्नाटक संगीताच्या मैफली होतात. १९२७ मध्ये मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याला जोडून एक संगीत परिषद झाली. त्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकॅडमी उभी राहिली. आज छोट्यामोठ्या कितीतरी संस्था, ज्यांना तिथे ‘सभा’ म्हणतात, महिनाभर कार्यक्रम करतात. दुपारी तरुण कलाकार गातात, आणि बऱ्याच सभांत त्याला तिकीटही नसतं. संध्याकाळी मोठी नावं. २०१७ मध्ये युनेस्कोने चेन्नईला संगीताचं शहर म्हणून यादीत घेतलं, ते उगाच नाही.

शनिवारी संध्याकाळी मैलापूरच्या एका सभेत कचेरी होती. कचेरी म्हणजे तिकडे मैफल बरं का! आपण कचेरी म्हटलं की तलाठी डोळ्यासमोर येतो.

आता थांबायचं का? आईला फोन केला. ती म्हणाली, “आवाज बघ कसा झालाय तुझा. गाणं इथे नाहीये का? घरी ये आणि झोप.” आईचं चूक नव्हतं. बरोबरचा मित्र तर दुपारच्या विमानाने निघालाच. त्याची मुलगी आठ महिन्यांची आहे, त्याने थांबणं बरोबरही नव्हतं. मी बुधवारीच मॅनेजरला विचारून ठेवलं होतं की रिटर्न रविवारचं काढलं तर चालेल का. शनिवार-रविवार माझेच होते, भाडंही जवळपास तेवढंच. तो म्हणाला, हॉटेल तुझं तू बघ. ठरलं.

पहाटे पाचला झोपलो, अकराला उठलो, चेक-आउट केलं. तिरुवान्मियूरहून लोकल पकडली. तिथली ही लाइन उंच खांबांवरून जाते, खाली घरांच्या गच्च्या दिसतात. तिरुमयिलै स्टेशनला उतरलो की मैलापूर. कपालीश्वराच्या देवळाजवळ एका साध्या लॉजमध्ये बॅग टाकली आणि परत अडीच तास झोपलो. हे मुद्दाम सांगतोय. मी काही झोप मारून गाण्याला गेलो नाही.

हॉलमध्ये माझ्या शेजारी सत्तरीचे एक काका होते. मांडीवर छापील कार्यक्रमपत्रिका, हातात पेन. मी पुण्याहून आलोय म्हटल्यावर त्यांनी मला दत्तकच घेतलं. गायिका आल्या. बरोबर व्हायोलिन, मृदंगम आणि घटम. घटम म्हणजे मातीचा घडाच, आपला माठ असतो तसा.

खरं सांगतो, दुसऱ्या कृतीच्या वेळी मला डुलकी लागली. दहा मिनिटं तरी. दचकून जागा झालो आणि काकांकडे बघितलं, तर ते म्हणाले, झोप, मुख्य राग आला की उठवतो.

आणि त्यांनी खरंच उठवलं. कोपराने. गायिकांनी आलाप सुरू केला होता. दोन मिनिटांत माझ्या डोक्यात दिवा पेटला: अरे, हा तर यमन! काका म्हणाले, कल्याणी. बरोबर, आपला यमन म्हणजे त्यांचा कल्याणी. आपला मालकंस तो त्यांचा हिंदोळम, आपला भूप तो मोहनम. सूर बरेचसे तेच, पण चाल वेगळी. आपल्याकडे यमनात सुरावर ठेहराव घेतात, तिथे तो सूर सतत झुलत असतो. म्हणजे लहानपणापासूनचा शेजारी वेगळ्याच गावात, वेगळ्याच कपड्यांत भेटावा, तसं.

मग रचना सुरू झाली आणि मला एक गोष्ट दिसली. अख्खा हॉल हाताने ताल मोजत होता. आदि ताल, आठ मात्रांचा. मांडीवर एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. मग टाळी आणि हात उलटा, परत टाळी आणि हात उलटा. झाले आठ. काकांनी मला शिकवलं. मी चुकत होतो, ते माझा हात धरून परत समेवर आणत होते.

पुढे तनी आवर्तनम आलं, म्हणजे फक्त तालवाद्यांचा भाग. गाणं थांबतं, मृदंगम आणि घटम यांची सवाल-जवाबासारखी देवाणघेवाण होते. तेव्हा बरेच लोक उठून कॅन्टीनला जातात, कॉफी प्यायला. वादकांची ही जुनी तक्रार आहे म्हणे. मीही उठणार होतो. काकांनी बसवलं. म्हणाले, मोजत राहा. पंधरा मिनिटं मी फक्त आठपर्यंत मोजत होतो. एक ते आठ, एक ते आठ.

आणि इथे मला जे कळलं, ते आजच्या भागाचं मुख्य कारण आहे. आठ दिवसांत मी सलग पंधरा मिनिटं एकाच गोष्टीकडे लक्ष दिलं नव्हतं. एक डोळा लॉगवर, एक चॅटवर, फोनवर कोणीतरी विचारतंय ‘काय स्टेटस?’, आणि दर दोन मिनिटांनी टिंग. आपण म्हणतो, मी दमलोय. पण दमणं दोन प्रकारचं असतं, असं मला वाटतं. एक शरीराचं, ते झोपेने जातं. दुसरं म्हणजे लक्षाचे तुकडे तुकडे झालेले असतात. ते झोपेने जुळत नाहीत. झोपून उठलं तरी तुकडेच हातात येतात. त्यांना एका दोऱ्यात ओवायला दुसरं काहीतरी लागतं. कोणाला डोंगर लागतो, कोणाला स्वयंपाक. मला त्या दिवशी आठ मात्रा मिळाल्या.

कचेरीच्या शेवटी हलक्याफुलक्या रचना गातात, तुक्कडा म्हणतात त्यांना. गायिकांनी वेगळा सूर धरला आणि अचानक माझ्या कानावर मराठी शब्द आले. अभंग होता! तुकोबांचा. आठ दिवसांत फोन सोडला तर मी मराठी ऐकलीच नव्हती. टीममध्ये हिंदी, क्लायंटकडे इंग्रजी. आणि इथे मैलापूरमध्ये विठ्ठल. ‘च’ आणि ‘ज’ जरा वेगळे लागत होते, पण ‘ळ’ अगदी खणखणीत. का नाही लागणार? तमिळमध्ये ‘ळ’ आहेच की. आजूबाजूचे सगळे टाळ्या वाजवत होते, काकांना तर शब्द पाठ होते. अर्थ मला माहीत होता, चाल त्यांना. मला भरून आलं, लपवत नाही.

नंतर काकांनी सांगितलं, यात नवल काही नाही. तंजावरला सतराव्या शतकापासून १८५५ पर्यंत मराठ्यांचं राज्य होतं, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या वंशाचं. मराठी कीर्तनकार तिथे गेले, त्यांचं कीर्तन तिथल्या हरिकथेत मिसळलं. भजनाच्या परंपरेत अभंग आले, आणि तिथून कचेरीत. म्हणजे माझ्या आधी काही मराठी माणसं कामासाठी तिकडे गेली होती आणि त्यांनी व्हाइटबोर्डच्या फोटोंपेक्षा बरंच काहीतरी मागे ठेवलं होतं. (हसतो)

बरं, आता प्रॅक्टिकल. माझा जादा खर्च सांगतो: लॉज १६००, तिकीट ४००, लोकल-रिक्षा-खाणं मिळून ७०० च्या आसपास. म्हणजे २७०० रुपये. यात मी काय काय बघितलं?

एक, तिकीट निघण्याआधी विचारा. एकदा निघालं की बदलायचे पैसे लागतात आणि मग कोणी हो म्हणत नाही. भाडं वाढत असेल तर फरक आपण भरायचा, आणि हे ईमेलवर असू द्या.

दोन, पुढचा दिवस रिकामा हवा. सोमवारी सकाळी नऊचा कॉल आणि रविवारी रात्री उशिराचं विमान, हे गणित जमत नाही.

तीन, एकच गोष्ट ठरवा. सकाळी बीच, दुपारी म्युझियम, संध्याकाळी गाणं असं केलंत तर तीही एक डिलिव्हरीच होईल. मी मरीनापर्यंत गेलो नाही. चाललं.

चार, आधी झोपा, मग जा. आणि हॉलमध्ये डुलकी लागली तर लाजू नका.

पाच, घरच्यांना आधी सांगा, ऐन वेळी नको. तुमची वाट बघणारं कोणी असेल तर तो दिवस एकट्याचा नसतो. माझ्या मित्राने निघून जाणं हे माझ्या थांबण्याइतकंच बरोबर होतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या एका दिवसाने कामाचा ताण कमी होत नाही. सोमवारी मी फ्रेश वगैरे नव्हतो, जांभया देत होतो. चार महिन्यांत चार ट्रिपा हे जास्तच आहे, आणि त्यावर उपाय मैफल नाही. तो मॅनेजरशी बसून बोलण्याचा विषय आहे. ते मी जानेवारीत बोललो. आता आम्ही ट्रिपा आळीपाळीने करतो. पण बोलायला बसलो तेव्हा मला नेमकं काय हवंय हे माहीत होतं. नुसती विश्रांती नको होती, मला सलग वेळ हवा होता. हा शब्द मला त्या हॉलमध्ये सापडला.

तर आता तुमची पाळी. कामासाठी गेलेल्या शहरात तुम्ही कधी स्वतःसाठी थांबलात का? काय ऐकलंत, काय बघितलंत? दोन मिनिटांचा व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही ऐकवीन. आणि पुढची ट्रिप ठरली असेल, तर तिकीट काढण्याआधी त्या शहरात त्या आठवड्यात काय चाललंय एवढं एकदा बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

भेटू पुढच्या शनिवारी. काळजी घ्या, झोप पूर्ण करा!