स्वागताध्यक्षीय भाषण : पेशी मेल्यानंतरची आवराआवर



कार्य पार पडले तरी मांडव उतरवून भाड्याची पातेली परत पोचेपर्यंत यजमानाची सुटका नसते. आपल्या परिषदेचा विषयही असाच, निस्तरण्याचा आहे : नियोजित मरणात पेशीचा डीएनए तोडणारी विकरे.

कर, वायली आणि करी यांनी १९७२ साली या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. १९८० मध्ये वायली यांनी थायमसच्या मरणाऱ्या पेशींतला डीएनए जेलवर चालवला, तेव्हा पट्ट्यांची शिडी उमटली. प्रत्येक तुकडा साधारण १८० बेस-जोड्यांचा, नाहीतर त्याच्या पटीतला. डीएनए हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. विकर त्या गुंडाळीला हात लावत नाही, दोन गुंडाळ्यांमधला मोकळा धागा तेवढा कापते.

हे विकर म्हणजे कॅड. डॅलसमध्ये शियाओडोंग वांग आणि ओसाकात शिगेकाझू नागाता यांच्या गटांनी १९९७-९८ मध्ये त्याचा छडा लावला. गंमत अशी, की आयकॅड हे प्रथिन कॅडला घडवायलाही मदत करते आणि जखडूनही ठेवते. मरणाचा हुकूम सुटला की कॅस्पेज-३ हे विकर आयकॅडचे तुकडे पाडते आणि कॅड कामाला लागते.

कॅड नसलेले उंदीर तरीही जगतात, कारण मेलेल्या पेशी गिळणाऱ्या भक्षक पेशींतले डीएनएज-२ राहिलेले काम उरकते. तेही नसेल तर मात्र पिल्ले जन्मापूर्वीच तीव्र रक्तक्षयाने दगावतात. तांबड्या पेशींनी टाकून दिलेली केंद्रके गर्भाच्या यकृतातल्या भक्षक पेशींना पचत नाहीत, इंटरफेरॉन सुटते आणि रक्त तयार होणे खुंटते. माणसांतही डीएनएज-१एल३ या डीएनए तोडणाऱ्या आणखी एका विकराचे जनुक निकामी असलेल्या मुलांना लहानपणीच ल्यूपस झालेला आढळला आहे.

म्हणून तरुण संशोधकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे : औषधाने पेशी मेली, एवढे नोंदवून वही मिटू नका, तिच्या डीएनएचे पुढे काय झाले, तेही तपासा. आणि इथे वय, पद न पाहता बेधडक प्रश्न विचारा.