कार्डही चांगलं, यंत्रही चांगलं

(नारायण पेठेतील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी इतिहास, अर्थकारण, विज्ञान ऐकायला जमण्याची या शहराला सवय आहे. माझा आजचा विषय एका कॅबिनेटमध्ये मावेल एवढाच आहे. नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि कॉम्प्युटरची स्क्रीन काळी झाली, तर काय करायचं? तीसेक वर्षं मी या पेठांमधले कॉम्प्युटर दुरुस्त करतो आहे. कारण कसं शोधावं हे मला या एका बिघाडानं सर्वांत नीट शिकवलं, म्हणून हा विषय मी मागून घेतला.

आपल्या पेठेत जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर एका लहान प्रकाशनसंस्थेचं ऑफिस आहे. तिथे पुस्तकांची पानं लावणारी एक मुलगी काम करते. मुलांच्या पुस्तकांसाठी त्रिमितीय चित्रं करायची म्हणून तिनं स्वतःच्या पैशातून नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळी. ती कार्ड घेऊन दुकानात गेली. दुकानदारानं ते आपल्या यंत्रात लावून दाखवलं. चित्र लख्ख आलं. तो म्हणाला, "ताई, कार्ड एकदम ओके आहे, तुमचा पीसी बघा." ऑफिसात परत येऊन तिनं कार्ड न बसवता पाहिलं, तर पीसीही पूर्वीसारखा सुरू झाला. कार्ड चांगलं, यंत्रही चांगलं, आणि दोन्ही एकत्र आली की काळोख. मग तिनं मला बोलावलं.

आपण अशा वेळी लगेच दोषी ठरवतो. दुकानदार फसवतो किंवा कंपनी भिकार माल देते, असं म्हणून मोकळे होतो. इथे तर दोन्ही साक्षीदार खरं बोलत होते. म्हणून शोध घ्यायचा होता तो त्या दोघांच्या जोडाचा: केबल, स्लॉट, वीज आणि एकमेकांची भाषा.

जोड तपासण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो, काळोख नेमका कधी पडतो? आपण बटण दाबतो तेव्हा पहिल्या काही सेकंदांत बरंच घडतं. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, वीज स्थिर झाल्याचा इशारा देतो. प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेला बायोस नावाचा प्रोग्रॅम वाचू लागतो. बायोस मेमरी तपासतो, ग्राफिक्स कार्ड शोधतो आणि कार्डावरच साठवलेला एक छोटा प्रोग्रॅम चालवतो. तेव्हा कुठे स्क्रीनवर कंपनीचं बोधचिन्ह उमटतं. विंडोज त्यानंतर येतं.

बोधचिन्हच दिसलं नाही, तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका. ड्रायव्हर हा कार्ड चालवणारा विंडोजचा सोबती प्रोग्रॅम आहे आणि विंडोज अजून उठलेलंच नाही. बोधचिन्ह दिसलं आणि विंडोज येता येता स्क्रीन काळी झाली, तर आधी ड्रायव्हरवर संशय घ्या. सेफ मोडमध्ये जाऊन जुन्या कार्डाचा ड्रायव्हर पूर्ण काढा आणि नवा टाका. विंडोज येतं, काम चालतं, पण खेळ किंवा रेंडरिंग, म्हणजे त्रिमितीय चित्र घडवणं, सुरू केलं की यंत्र बंद पडतं, तर वीज आणि उष्णता पाहा. निम्मं निदान या एका प्रश्नात होतं. त्यासाठी स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही, फक्त थोडं थांबून पाहावं लागतं.

आता जोडांकडे येऊ. पहिला जोड मॉनिटरच्या केबलचा. कार्ड बसवल्यावर कॅबिनेटच्या मागे चित्राच्या जागा दोन होतात: मदरबोर्डवरची जुनी आणि खाली आडव्या पट्टीवरची कार्डाची. नवं कार्ड दिसलं की बरेच मदरबोर्ड आपली जागा बंद करतात. केबल सवयीनं जुन्या जागी राहिली, तर सगळं ठीक असूनही स्क्रीन काळी. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही चूक सर्वांत जास्त असते.

दुसरा जोड स्लॉटचा. कार्ड प्रोसेसरजवळच्या लांब स्लॉटमध्ये सरळ दाबायचं, टोकाची कळ 'टक्' वाजेपर्यंत. कॅबिनेटची पट्टी वाकडी असेल तर कार्ड एका बाजूनं केसभर वर राहतं आणि तेवढं पुरतं. कार्ड जुनं असेल तर सोनेरी पट्ट्यांवर मळ बसतो. तो मऊ खोडरबरानं हलकेच घासून काढता येतो. चैत्र-वैशाखात आपली हवा कोरडी असते आणि अंगावर स्थिर वीज साठते. म्हणून यंत्राचं बटण बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मगच कार्डाला हात घाला.

तिसरा जोड विजेचा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून भूक मोठी असेल तर एसएमपीएसपासून थेट केबल यावी लागते. सहा पिनांची केबल आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. प्रोसेसरची आठ पिनांची केबल दिसायला तशीच असते, पण तिच्या पिनांची मांडणी उलटी असते. ती कार्डात दाबून बसवायला जाऊ नका. जुन्या वाड्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि मग मला.

चौथा जोड भाषेचा, आणि त्यासाठी थोडं मागे जायला हवं. नवं कार्ड आणि जुनं यंत्र यांच्या भेटीशी पुण्याचं जुनं नातं आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयआयटी कानपूरला भारतीय लिपींवर केलेलं काम इथे पुढे वाढलं आणि त्यातून जिस्ट कार्ड आलं. हे कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवलं की डॉसवरच्या, इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी दिसायची. 'कि' हे अक्षर घ्या. उच्चारात 'क' आधी, ह्रस्व इकार नंतर. कागदावर मात्र वेलांटी आधी येते. यंत्रानं उच्चाराच्या क्रमानं साठवायचं आणि स्क्रीनवर लिपीच्या रीतीनं मांडायचं, ही कसरत ते कार्ड करत असे. त्या विचाराला १९९१ साली इस्की या भारतीय मानकाचं रूप मिळालं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या छपाईचे खिळे जुळवले गेले, त्या या पेठेला स्क्रीनवर उमटलेल्या पहिल्या जोडाक्षराचं मोल वेगळं सांगायला नको.

उमेदवारीच्या काळात मी तसली कार्डं बसवली आहेत. तेव्हाच्या कार्डांवर जंपर असत, म्हणजे दोन पिनांना जोडणारी चिमुकली टोपणं. त्यांनी प्रत्येक कार्डाचा पत्ता हातानं ठरवायचा. दोन कार्डांनी एकच पत्ता सांगितला की दोन्ही अडून बसत, एकेकटी मात्र दोन्ही उत्तम चालत. पुढे १९९२ साली कार्डं जोडण्याची पीसीआय ही पद्धत आली आणि पत्त्यांची वाटणी यंत्रं आपापसांत करू लागली. पण आपापसांत ठरवायचं तर दोघांना एकमेकांचं बोलणं कळलं पाहिजे. आजची कार्डं यूईएफआय नावाच्या नव्या पद्धतीनं बोलतात. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मदरबोर्डच्या बायोसला ते बोलणं कधी कधी समजत नाही. दोघंही निरोगी असतात, संवाद होत नाही. मदरबोर्डच्या कंपनीनं बायोसची नवी आवृत्ती दिलेली असेल, तर ती टाकून हा प्रश्न अनेकदा सुटतो.

आता पुन्हा वाड्यात चला. बुधवारी संध्याकाळी मी गेलो. केबल मदरबोर्डला होती. ती काढून कार्डाला लावली. काळोख तसाच. म्हणजे केबलचा दोष नाही, असं मी ठरवलं आणि ती परत मदरबोर्डला लावून ठेवली. मदरबोर्ड जुना होता, म्हणून बायोस बदलायचं ठरलं. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. आपल्याकडे विजेच्या दुरुस्तीचा वार गुरुवार, म्हणून शुक्रवारी गेलो. कार्ड काढलं, यूपीएसवर यंत्र ठेवून नवा बायोस टाकला, तो व्यवस्थित बसला. पुन्हा कार्ड घातलं. काळोख. म्हणजे बायोसचाही दोष नाही, असं मी म्हणालो. त्यानंतर मी दुसरा स्लॉट, दुसरी मेमरी, दुसरा मॉनिटर असं करत रात्री नऊपर्यंत फिरत राहिलो.

ती मुलगी माझ्या शेजारी बसून प्रत्येक गोष्ट वहीत लिहीत होती. शनिवारी सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "काका, आमच्याकडे दुसऱ्या प्रुफाच्या दुरुस्त्या चुकून जुन्या फाइलवर केल्या की पहिल्या प्रुफाच्या दुरुस्त्या पुसल्या जातात. आपलं तसंच झालंय का? केबल कार्डाला होती तेव्हा बायोस जुना होता. बायोस नवा झाला तेव्हा केबल मदरबोर्डला होती. दोन्ही एकदम कधी झालंच नाही."

मी जाऊन वही पाहिली. ती अगदी बरोबर होती.

श्रोतेहो, आपल्या तर्कशास्त्रात कारण ओळखण्याची जुनी कसोटी आहे, अन्वय आणि व्यतिरेक. एक असताना दुसरं असतं हा अन्वय, एक नसताना दुसरं नसतं हा व्यतिरेक. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परिणाम पाहा, हा दुरुस्तीचा नियम त्यातूनच येतो. मी तो पाळत होतो. पण बिघाड दोन असतील तर पहिली दुरुस्ती बरोबर असूनही तिचा परिणाम दिसत नाही. दुसरा बिघाड तो झाकून ठेवतो. परिणाम दिसला नाही म्हणून आपण ती मागे घेतो आणि जे मिळवलं होतं तेच हरवतो. मी ते तीस वर्षांच्या अनुभवानंतर केलं.

म्हणून माझ्या नियमाला मी आता दुसरा अर्धा जोडला आहे. एका वेळी एकच बदल करा, पण बदल स्वतः योग्य असेल तर उत्तर आलं नाही तरी तो जागेवर राहू द्या. कार्ड बसवल्यावर केबल कार्डालाच हवी, हे स्क्रीन काळी असो की उजळ, बरोबरच आहे. मग ती मी काढायला नको होती. केवळ अंदाजानं केलेला बदल मागे घ्यावा, योग्य म्हणून केलेला नाही. कुठला कुठल्या जातीचा हे लक्षात राहत नाही, म्हणून वही लागते.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. त्या शनिवारी केबल कार्डाला लावताच चित्र आलं. सोमवारी रेंडरिंग सुरू करताच यूपीएस ओरडला आणि यंत्र बंद पडलं. आता काळोख कधी पडला हे स्पष्ट होतं, म्हणून उत्तरही लवकर मिळालं. यूपीएस ६०० व्हीएचा होता. त्या वर्गाचे यूपीएस साधारण ३६० वॅटच देतात आणि नव्या कार्डासह यंत्राला त्याहून जास्त लागत होते. एसएमपीएस आणि यूपीएस दोन्ही मोठे घेतले. तिसरा बिघाड पहिल्या दोघांच्या मागे उभा होता, ते हटल्यावर दिसला.

एवढा खटाटोप एका कार्डासाठी कशाला, असं कोणी विचारेल. साध्या फुल एचडी स्क्रीनवर २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर १२ कोटी ४४ लाख वेळा ठिपक्याचा रंग ठरवावा लागतो. हे काम शेकडो-हजारो छोटे गणक एकदम करतात आणि ते सगळे त्या हातभर पट्टीवर असतात. २०२० साली पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय जगातल्या महासंगणकांच्या यादीत ६३वा आला, त्याचं बळही याच घराण्यातल्या चिपांचं आहे. वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावरची मुलगी आता तीच विद्या आपल्या टेबलावर वापरते आहे. असं कार्ड घाईघाईत 'डेड' ठरवून परत पाठवणं किंवा भंगारात टाकणं मला मनापासून दुखतं. त्यात तिचे साठवलेले पैसे असतात आणि ते घडवणाऱ्या कितीतरी हातांची मेहनतही.

तेव्हा आपल्याला माझी एकच विनंती आहे. घरातल्या मुलानं किंवा मुलीनं कॅबिनेट उघडायचं म्हटलं तर अडवू नका. प्लग काढलाय ना एवढं पाहा, आणि हातात एक वही द्या. वार, वेळ, काय बदललं, काय दिसलं. चार रकाने पुरेत.

त्या मुलीची वही मी मागून घेतली होती, आज सोबत आणली आहे. शनिवारच्या पानावर शेवटची नोंद आहे: "११.४०. केबल कार्डाला. बायोस नवा. दोन्ही एकदम. चित्र आलं."