वणव्याचा धूर आणि जमाखर्चाची वही

कॉम्रेड्स, २०२३ साली कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल भस्मसात झाले. यलोनाइफच्या सुमारे २०,००० रहिवाशांना घरदार सोडावे लागले. कितीतरी आदिवासी वस्त्या ओस पडल्या. मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत या वणव्यांतून सुमारे ६५ कोटी टन कार्बन हवेत गेला, असे उपग्रहांच्या निरीक्षणांवरून शास्त्रज्ञांनी काढले आहे. कोळसा, तेल व वायू जाळून वर्षाकाठी याहून अधिक कार्बन सोडणारे देश तीनच: चीन, अमेरिका आणि भारत.

पण कॅनडा सरकारच्या उत्सर्जनाच्या अधिकृत बेरजेत हा धूर धरलाच जात नाही. वणवा ही म्हणे ‘नैसर्गिक आपत्ती’, म्हणून तो वगळायचा. तेच जंगल पुन्हा वाढून तोडीलायक झाले की त्याने शोषलेला कार्बन मात्र जमेस धरायचा! सावकाराची वही याहून निराळी ती काय असते? आणि नैसर्गिक कसली? त्या वर्षीचा मे ते ऑक्टोबर हा काळ १९८० नंतरचा तेथील सर्वांत उष्ण काळ होता. ही उष्णता कोणाच्या नफ्याच्या भट्टीत तापली, हे उघड आहे.

आल्बर्टातील तेलकंपन्यांना त्याच मे महिन्यात आगीपायी काही उत्पादन थांबवावे लागले. धोका टळताच ते पूर्ववत सुरू झाले.